शिष्यवृत्तीच्या नावातला माणूस

श्रावणात माळावरचं गवत गुडघ्याला लागलं की तणमोराचा नर त्यात बुडून जातो. वजनाला जेमतेम अर्धा किलो भरेल एवढासा पक्षी. मादीही त्याच गवतात कुठंतरी असते आणि तिला आपण दिसावं ही त्याची धडपड. मग तो उडी मारतो. जागच्या जागी, सरळ वर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. पंख फडफडतात, बेडकाच्या डरावण्यासारखी खरखर लांबवर ऐकू जाते आणि क्षणात तो पुन्हा गवताखाली गेलेला असतो. थोड्या वेळानं पुन्हा उडी. एका दिवसात अशा पाचशेपर्यंत उड्यांची नोंद आहे.

नोंद आहे, म्हणजे कुणीतरी ओल्या गवतात बसून त्या मोजल्या. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे आपल्या मुंबईच्या बीएनएचएसनं, माळढोक आणि त्याच्या कुळातल्या पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला. हे काम करणाऱ्या तरुण मंडळींत विशीतले रवी शंकरन होते. उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या गवताळ भागात बंगाल फ्लोरिकन आणि पश्चिम भारतातल्या माळांवर तणमोर, असे त्या कुळातले दोन दुर्मीळ पक्षी त्यांनी वर्षानुवर्षं न्याहाळले. या दोघांच्या विणीच्या वर्तनावरच १९९१ साली मुंबई विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली. पुढं अंदमान-निकोबारच्या बेटांवर त्यांनी जे काम केलं, त्याला तोड नाही. २००८ साली ते कोइमतूरजवळच्या आनैकट्टी इथल्या सालिम अली पक्षिविज्ञान व निसर्ग केंद्राचे, म्हणजे ‘सॅकॉन’चे संचालक झाले आणि १७ जानेवारी २००९ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय पंचेचाळीस.

त्यांच्या नावानं इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशननं वन्यजीव संरक्षणात काम करू पाहणाऱ्या तरुण भारतीयांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. इनलॅक्स रवी शंकरन फेलोशिप असं तिचं नाव. शिष्यवृत्त्या आपल्याकडं शेकड्यांनी आहेत आणि बहुतेकींच्या नावातला माणूस अर्जाच्या पहिल्या ओळीपलीकडं कुणाला माहीत नसतो. या शिष्यवृत्तीत पैसा कुठं आणि कशासाठी दिला जातो, हे त्या माणसानं आयुष्यभर काय केलं याच्याशी थेट जोडलेलं आहे. म्हणून आधी माणसाबद्दल लिहायचं आणि मग पैशाबद्दल.

तणमोराच्या आकड्यांपासूनच सुरुवात करतो. १९८२च्या पाहणीत देशातल्या तणमोरांची संख्या अंदाजे ४,३७४ धरली गेली होती. शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये पुन्हा मोजदाद केली तेव्हा अंदाज निघाला १,६७२. सात वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास घट. १९९४च्या पाहणीत तो २,२०६वर गेला. इथं कुणीही ‘संवर्धनाला यश’ असं लिहून मोकळं झालं असतं. पण या पक्ष्याची वीण पावसाच्या भरवशावर चालते. दुष्काळात गवत वाढत नाही, गवत नाही तर उडी नाही आणि उडी नाही तर पिल्लं नाहीत. म्हणून एका वर्षाचा आकडा घेऊन निष्कर्षाकडं धावायचं नसतं, त्याच माळांवर परतपरत जायचं असतं. हे वारंवार जाणं थांबलं की पक्षी कधी नाहीसा झाला तेसुद्धा कळत नाही. आज तणमोर जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, आणि तो किती वेगानं खाली आला हे आपण सांगू शकतो ते या जुन्या मोजदादींमुळं.

महाराष्ट्रात तो अजून अकोला-वाशिमकडच्या माळांवर येतो. तिथं पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पक्षी धरणाऱ्या फासेपारध्यांपैकी काही जण आता त्याची राखण करतात, गवत राखतात, घरटं सापडलं तर आजूबाजूला जनावरं जाऊ देत नाहीत. या गोष्टीकडं मी पुन्हा येणार आहे, कारण शिकारी हाच राखणदार होऊ शकतो हे शंकरन यांनी फार दूरच्या गुहांत करून दाखवलं होतं.

त्याआधी थोडं मागं जाऊ. १९०८ साली एक मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीनं मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन बीएनएचएसच्या कार्यालयात गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्याला हाकलून दिलं नाही. चिमणीचं नाव सांगितलं, भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढं पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये त्यांना पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. तेव्हा ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडं गेले आणि त्यांच्या हाताखाली संग्रहालयात शिकले. परत आले तर नोकरी नाहीच. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचा जो अभ्यास केला, त्यातून सुगरण नराच्या बहुपत्नीकत्वाचा उलगडा झाला. मला या हकिकतीत सुगरणीइतकंच मिलर्ड आणि स्ट्रेझेमान यांचं महत्त्व वाटतं. दोघांनीही अनोळखी तरुणाला वेळ दिला.

आणि पैसा? तोही कुणीतरी दिला. सिंगापूरचे चित्रपटगृहांचे मालक लोक वान थो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत येऊन राहिले, सालिम अलींबरोबर रानोमाळ हिंडले आणि नंतर त्यांच्या भटकंतीला मदत करत राहिले. त्यांचं नाव आजही बीएनएचएसच्या पक्षिविज्ञान निधीत सालिम अलींच्या नावाशेजारी आहे. स्वतः सालिम अलींनी त्यांना मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम निसर्ग संवर्धनाच्या निधीसाठी दिली. अशा पैशावर पोसलेल्या संस्थेत रवी शंकरन घडले. ही साखळी लक्षात ठेवली तर त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती एकाएकी आकाशातून पडलेली वाटत नाही.

नव्वदच्या दशकात शंकरन अंदमान-निकोबारला वळले. नकाशात या बेटांना आपण भारताच्या कोपऱ्यात एका चौकटीत टाकतो. तिथं पोहोचायला तेव्हा दिवसचे दिवस बोटीत जायचे. पुढं डोंगी, मग चिखल, मग खारफुटी. निकोबारमध्ये मेगापोड नावाचा पक्षी आहे. तो अंडी उबवत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, पाला, माती यांचा मोठा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेनं ती उबतात. पिल्लू बाहेर येतं ते ढीग उकरत, एकटं, आणि आईबापांची तोंडओळखही न होता रानात चालू लागतं. पक्षी झाडीत लपतो, पण ढीग लपत नाही. म्हणून शंकरन बेटामागून बेट चालले आणि त्यांनी ढीग मोजले. कुठला वापरात आहे, कुठला सोडून दिलेला, समुद्रापासून किती अंतरावर. १९९५मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. याच पक्ष्यावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली के. शिवकुमार यांनी काम केलं आणि ते पुढं स्वतः नामवंत वन्यजीव शास्त्रज्ञ झाले.

मग २६ डिसेंबर २००४ची सकाळ आली. त्सुनामीनं निकोबारचे किनारे धुऊन नेले. जमीनच खचली होती. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटपाशी, ती चार मीटरांहून जास्त खाली गेली. मेगापोडचे ढीग नेमके त्याच पट्ट्यात होते. मेगापोड आयलंड नावाचं एक अख्खं अभयारण्य पाण्याखाली गेलं. शंकरन पुन्हा तिथं गेले आणि नुकसानीचा अहवाल लिहिला. त्यानंतर शिवकुमार यांनी पक्ष्यांची नव्यानं पाहणी केली. किती उरलं हे सांगता आलं, कारण आधी किती होतं ते लिहून ठेवलेलं होतं. गुरूनं मोजलं, लाट आली, शिष्यानं पुन्हा मोजलं. आज ग्रेट निकोबारवर बंदर आणि शहर उभं करण्याची योजना आहे. गॅलेथिया उपसागराचं अभयारण्यपण २०२१मध्ये काढून घेतलं गेलं. त्या किनाऱ्यावर मेगापोड आहे की नाही, किती आहे, याच्यावर वाद घालताना दोन्ही बाजूंना ज्या नोंदींकडं जावं लागतं, त्यांची सुरुवात त्या पायपिटीत आहे. माझं मत मी लपवत नाही. तो किनारा कासवांसाठी आणि मेगापोडसाठी सोडायला हवा होता.

नारकोंडमचा धनेश ही अशीच एक गोष्ट, थोडक्यात सांगतो. जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी बेटावर जगात इतरत्र कुठंही नसलेला हा पक्षी राहतो. बेटावर पोलीस चौकी आली आणि चौकीबरोबर बकऱ्या आल्या. बकऱ्या सुटल्या, वाढल्या, आणि झाडांची रोपं खाऊ लागल्या. धनेश उंच झाडांच्या ढोलीत घरटं करतो. आजचं रोप खाल्लं गेलं तर शंभर वर्षांनी ढोली कुठून येणार? शंकरन यांनी हा धागा दाखवून दिला आणि पुढं बकऱ्या हलवल्या गेल्या. अलीकडं रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं काम केलं तेव्हा धनेशांची संख्या हजाराच्या घरात असल्याचा अंदाज निघाला.

पण शंकरन यांचं नाव ज्या पक्ष्याशी कायमचं बांधलं गेलं तो आहे चिमणीहून लहान. पाकोळी. अंदमानच्या चुनखडीच्या गुहांत, किर्र अंधारात, ती चटचट आवाज काढत उडते आणि प्रतिध्वनीवरून वाट काढते. घरटं बांधते स्वतःच्या लाळेचं. लाळेचा धागा गुहेच्या भिंतीवर थरावर थर चढवत ती अर्ध्या वाटीच्या आकाराचं पांढरं घरटं तयार करते. त्यात दोन अंडी घालते. हेच घरटं चिनी खाद्यपरंपरेत सूप करून खाल्लं जातं आणि बाजारात त्याला किलोमागं हजारो डॉलर मिळतात. एका घरट्याचं वजन काही ग्रॅम. म्हणजे किलोभर भरायला किती गुहा ओरबाडाव्या लागत असतील, याचा विचार करा.

शंकरन यांनी नव्वदच्या दशकात बेटांवरच्या शेकडो गुहा पालथ्या घातल्या. बांबूच्या शिड्या, डोक्याला दिवा, पायाखाली विष्ठेचा घसरडा थर. त्यांना दिसलं ते असं, की घरटं पूर्ण होण्याआधीच ते काढून नेलं जातंय. पक्षी दुसरं बांधतो, तेही जातं. तिसरं बांधतो, तोवर लाळ संपत आलेली असते. अंडं घालायला जागाच उरत नाही. जवळजवळ कुठल्याच गुहेत पिल्लं बाहेर पडत नव्हती. साधारण दशकभरात पाकोळ्यांची संख्या ऐंशी टक्क्यांहून जास्त घटली असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

इथं नेहमीचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: कायदा कडक करा, चोरांना पकडा. शंकरन यांनी वेगळी वाट धरली, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा इथं आहे. गुहा कुठं आहेत, कुठल्या भेगेत किती घरटी असतात, पाकोळी कधी बांधायला घेते, हे सगळ्यांत जास्त कुणाला माहीत होतं? घरटी काढणाऱ्यांना. त्यांच्याइतका या पक्ष्याचा अभ्यास कुणाचाच नव्हता. मग त्यांनाच राखणदार का करू नये? उत्तर अंदमानातल्या चालीस एक इथल्या गुहा आणि इंटरव्ह्यू बेटावरची गुहा इथं २००० सालाच्या आसपास वन विभागाबरोबर हे काम सुरू झालं. जे हात घरटी खरवडत होते तेच हात विणीच्या हंगामात, जानेवारीपासून जूनपर्यंत, गुहेच्या तोंडाशी मुक्काम करून पहारा देऊ लागले. घरटी मोजू लागले, वहीत लिहू लागले. राखलेल्या गुहांत पिल्लं बाहेर पडली आणि पाकोळ्या वाढू लागल्या.

शंकरन यांची योजना लांब पल्ल्याची होती. पिल्लं उडून गेल्यावर रिकामी राहिलेली घरटी काढायला आणि विकायला स्थानिकांना परवानगी मिळावी, म्हणजे पाकोळी जिवंत राहण्यात त्यांचा रोजगार गुंतेल, असं ते मांडत होते. इंडोनेशियात पाकोळ्यांना घरात वस्ती करायला लावतात. तसं अंदमानात करता येईल का, म्हणून एका प्रजातीची अंडी दुसऱ्या प्रजातीच्या घरट्यात ठेवून वाढवण्याचे प्रयोगही झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सर्वोच्च सूचीत पाकोळी गेली तेव्हा घरट्याला हात लावणंच गुन्हा ठरणार होतं आणि ही सारी मांडणी कोसळणार होती. म्हणून पक्ष्याला जास्त संरक्षण नको, असं शंकरन यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञानं म्हणायचं म्हणजे केवढं धाडस! आपल्याकडं संरक्षण म्हणजे कुंपण, अशी समजूत घट्ट आहे. या बाबतीत शंकरन यांचं बरोबर होतं असं मला वाटतं. रात्री गुहेशी कुणी झोपायचं, हे कायद्याचं पुस्तक ठरवत नाही. त्यांच्यानंतर हे काम त्यांचे विद्यार्थी शिरीष मंची यांनी चालू ठेवलं.

या पाकोळीची चुलत बहीण आपल्या दारात आहे. वेंगुर्ल्याच्या समोर, भर समुद्रात, वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा समूह आहे. त्यांतल्या एकावर दीपगृह आहे, आणि बर्न्ट आयलंड नावाच्या बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ साली पक्ष्यांसाठी या खडकांवर आले होते. हुमायून अब्दुलाली यांनी १९४२मध्ये इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लिहिलं. त्यानंतर बराच काळ या गुहेची वाट अभ्यासकांनी फारशी धरली नाही. चोर मात्र पोहोचले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी तिथं गेले तेव्हा गुहेत घरटी काढण्यासाठी बांधलेले बांबूचे सांगाडे त्यांना दिसले. त्यांनी वन विभागाला हलवलं, पहारा लावला, चोर पकडले गेले. हीच मंडळी समुद्र गरुडाची घरटी शोधत किनारा पायी फिरत होती म्हणून २००२मध्ये वेळासच्या वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं त्यांना दिसली. वेळासचा कासव महोत्सव आज सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मुळाशी एका वेगळ्याच पक्ष्यासाठी केलेली पायपीट आहे, हे कमी जणांना ठाऊक असेल.

मी मागच्या वर्षी फेब्रुवारीत वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभा होतो. समुद्र शांत असला तरी खडकांवर उतरणं सोपं नसतं, होडी लाटेबरोबर वर आली की त्या क्षणी उडी टाकावी लागते. मी उतरलो नाही, होडीतूनच लांबून पाहिलं. दगडाच्या काळ्या तोंडातून ठिपके बाहेर पडत होते, समुद्रावर गिरक्या घेऊन परत आत जात होते. होडीवाल्या काकांना त्यांची वेळ पाठ होती. कधी जास्त असतात, वारा कुठला असला की दिसत नाहीत, हे ते सहज बोलून गेले. परतताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे ज्ञान कुणी लिहून घेतलंय का? आणि लिहून घ्यायला एखादा कॉलेजातला पोरगा दोन हंगाम इथं राहिला, तर त्याचा खर्च कोण करेल?

या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी पाहणीत मला जायचं होतं. संस्थेनं होकार दिला; प्रवास, जेवण, राहणं आपापलं. तीन महिन्यांचा हिशेब आमच्या घरात मांडला गेला. त्या वेळी आंब्याचा हंगाम वाईट गेला होता. वडील काही बोलले नाहीत, आणि मी त्या उन्हाळ्यात कलमांना पाणी घालायला बागेत थांबलो. त्या संस्थेवर माझा राग नाही, तिच्याकडंही पैसे नसतील. पण माझ्याबरोबर निवडलेली जी मुलं गेली ती सगळी मोठ्या शहरांतली होती, आणि ती आज या क्षेत्रात आहेत. हुशारीत कुणी कमी नव्हतं, उणीव होती ती तीन महिन्यांच्या खर्चाची. संरक्षणाचं क्षेत्र अशा पहिल्या तीन महिन्यांत अनेकांना दाराबाहेर ठेवतं आणि नंतर विचारतं, की गावाकडची मुलं याच्यात येत का नाहीत?

म्हणून इनलॅक्स रवी शंकरन फेलोशिपची मांडणी मला महत्त्वाची वाटते. परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत, हा तिचा एक भाग. हा लोकांना लगेच कळतो, वर्तमानपत्रात फोटो येतो तो याचाच. दुसरा भाग आहे एखाद्या संस्थेत किंवा अभ्यासकाकडं जाऊन काही महिने काम शिकण्यासाठीची मदत. तिसरा आहे छोटी अनुदानं, स्वतःचा लहानसा अभ्यास स्वतः आखून करण्यासाठी. माझ्या मते दुसरा आणि तिसरा हेच शंकरन यांच्या स्वभावाचे वारस आहेत. सालिम अली बर्लिनला गेले ते पदवीसाठी नव्हे, एका माणसाजवळ बसून पक्षी कसा पाहायचा हे शिकायला. अशा शिकण्याला आपल्याकडं विद्यापीठाचा कागद मिळत नाही आणि म्हणून पैसाही मिळत नाही. छोटं अनुदान तर त्याहून मोलाचं. मार्गदर्शक तुम्हाला म्हणतो, हा प्रश्न तुझा, हे रान तुझं, जा आणि चुका कर. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलावर असा भरवसा टाकणं हीच मार्गदर्शनाची खरी रीत आहे.

रानातलं मार्गदर्शन वर्गातल्या शिकवण्यापेक्षा वेगळं असतं, हे जे गेलेत त्यांना माहीत आहे. नोंद त्याच दिवशी, त्याच रात्री, दिवा मिणमिणत असला तरी करायची. दिसलं नाही तेही लिहायचं, कारण ‘नाही’ हीसुद्धा नोंद आहे. वाटाड्याचं नाव वहीत असलं पाहिजे आणि पुढं लेखाखालीही. गावातल्या म्हाताऱ्यानं सांगितलेली गोष्ट खोटी ठरवण्याआधी तीन वेळा जाऊन पाहायची. आजारी पडलं तर लपवायचं नाही. हे नियम कुठल्या पुस्तकात नसतात, एकाच्या तोंडून दुसऱ्याकडं जातात. म्हणून एक चांगला मार्गदर्शक अकाली गेला की नुकसान त्याच्या प्रबंधांपुरतं राहत नाही. पुढच्या वीस वर्षांत त्याच्याबरोबर जे चालले असते, त्या सगळ्यांचं ते नुकसान असतं. पंचेचाळिसाव्या वर्षी शंकरन गेले तेव्हा त्यांच्यापुढं किमान वीस वर्षं होती. शिष्यवृत्ती ती वर्षं परत आणू शकत नाही. त्यांच्याकडं जो तरुण आला असता, त्याला दुसऱ्या कुणाकडं तरी जाता यावं एवढी सोय ती करते.

आणखी एक बोलायचं राहिलं. मार्गदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पदवीधर येतो. चालीस एकच्या गुहांत शंकरन यांचे शिष्य पदवीधर नव्हते. ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांच्या हातात त्यांनी वही दिली. वाशिमच्या माळावर फासेपारध्याचा पोर तणमोराची पहिली उडी कधी झाली याची तारीख सांगतो, तेव्हा तोही याच विद्येचा विद्यार्थी असतो. त्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही. संकेतस्थळावरची शेवटची तारीख त्याला कळत नाही. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं तो कुठून आणणार? देशपातळीवरच्या शिष्यवृत्त्यांना ही दरी ओलांडणं अवघड आहे. ती जिल्ह्यातच भरून काढावी लागेल, आणि मराठीतून.

खर्च फार नसतो. पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी एका तरुणाला गावात खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, एसटीचं भाडं, रेनकोट, गमबूट, एक साधी दुर्बीण आणि वही. आपल्याकडं गावोगावी देवस्थानं आहेत, पतसंस्था आहेत, माजी विद्यार्थ्यांचे संघ आहेत, परदेशी गेलेली आणि गावाची आठवण काढणारी मुलं आहेत. दहावी-बारावीच्या गुणवंतांना पेन आणि श्रीफळ देण्याची पद्धत चांगलीच आहे. त्याच यादीत एक जागा अशा मुलासाठी ठेवा. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना या दिवाळीच्या सुट्टीतच भेटा आणि विचारा, की पैशाअभावी रानात जायचं राहिलेलं कुणी आहे का. असेल तर पुढच्या आषाढाआधी त्याची सोय करा. श्रावणात गवत गुडघ्याला लागेल, तेव्हा तो माळावर असला पाहिजे.